पार्सलीची काडी

२१ सप्टेंबर
तान्ह्या रेल्याचं पोट पुन्हा नगाऱ्यासारखं. शी नाही, दूध नको, नुसतं कण्हणं. सासूबाईंनी पार्सलीची काडी तेलात बुडवून शीच्या जागी हलकेच आत फिरवली — भसकन सगळं बाहेर, पडद्यापर्यंत! "बापावर गेलाय. आधी गप्प, मग तोफ," म्हणाल्या. पोट मऊ पडलं, तो झोपला. मीही.

डॉक्टरांकडे जाऊ या का, असं मी मागे एकदा विचारलं होतं. "चाळीस दिवस होऊ देत. पेपरात बातम्या तू लिही सूनबाई, पोट मला कळतं." खरं तर मला हायसंच वाटलं होतं.

२५ सप्टेंबर
हिरवी उलटी. नवऱ्यानं, ओग्न्येननं, तडक गाडी काढली. बाळ-बाळंतिणीनं एवढ्यात उंबरा ओलांडायचा नाही, यावर सासूबाई वाद घालतील असं वाटलं. त्यांनी फक्त लेकराच्या मनगटाला लाल दोरा बांधला आणि दारातून बाजूला झाल्या.

२६ सप्टेंबर, नीशचं हॉस्पिटल
डॉक्टर स्तामेन्कोविच. बाई शांत, बोट लांब. पहिली काळी शी कधी झाली, दोन दिवसांच्या आत की नंतर? ती नोंद मी ठेवलीच नव्हती. बातमी असती तर पहिला प्रश्न मी हाच विचारला असता.

काडीचं सांगितलं, मान खाली घालून. त्या एकदम थांबल्या. "जोरात येतं? वाऱ्यासकट?" मग स्वतः बोटानं तपासलं — आणि त्यांचा कोट रंगला. मग औषध भरून एक्स-रे. खाली आतडं अरुंद, वर फुगलेलं. शेवटच्या भागात जन्मापासूनच चेतापेशी नसाव्यात, म्हणून तो भाग पुढे ढकलत नाही. पण खात्री हवी. आतून चिमूटभर तुकडा काढून तपासणार.

२७ सप्टेंबर
फोनवर मी सासूबाईंना म्हणाले, तुमच्या त्या काडीनं महिना खाल्ला. आम्ही येऊ तेव्हा घरात दिसू नका.
"बरं," म्हणाल्या. मग विचारलं, दूध घेतो का. मी फोन ठेवला.

३० सप्टेंबर
तुकडा फार पातळ निघाला. पुन्हा काढणार. पुन्हा वाट पाहा.

३ ऑक्टोबर
चेतापेशी नाहीत. उद्या ऑपरेशन. पोटावर शीसाठी वाट काढतील, मग पुढचं.

मी विचारलं, दोष काडीचा ना? 'हो' ऐकायचं होतं मला.

"काडीमुळे तुम्ही उशिरा आलात. हे खरं," डॉक्टर म्हणाल्या. "आणि पोट रिकामं होत राहिलं नसतं, तर कदाचित बाळ इथवर पोचलंच नसतं. हेही खरं."

जाताना त्यांनी आणखी एक विचारलं: घराण्यात आधी कुणा बाळाला असं काही? ओग्न्येन म्हणाला, नाही, मी एकटाच मुलगा.

४ ऑक्टोबर
ऑपरेशन झालं. बाळ सुखरूप. सासूबाई फोन उचलत नाहीत.

६ ऑक्टोबर
ओग्न्येन पिरोतला घरी जाऊन आला. सासूबाई बहिणीकडे डोंगरावर निघून गेल्यात. स्वयंपाकघरात आयवारच्या चटणीसाठी भाजलेल्या मिरच्यांची टोपली, अर्ध्या सोललेल्या, अर्ध्या कुजलेल्या. दरवर्षी त्या एक मिरची वाया जाऊ देत नाहीत. ओग्न्येन माझ्याशी चिडून बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या एका 'बरं'चा आवाज कानातून जात नाही.

९ ऑक्टोबर
आणलं त्यांना. वॉर्डात येईनात, कॉरिडॉरमधल्या बाकावर बसल्या. रेल्याला मीच बाहेर नेलं. त्यांनी आधी मनगट पाहिलं. दोरा ऑपरेशनच्या वेळी कापला होता. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर "आधी त्याला पाज," म्हणाल्या.

१० ऑक्टोबर
ओग्न्येन चहा आणायला गेला तेव्हा, माझ्याकडे न बघता बोलल्या. "ओग्न्येनच्या आधी एक होता मला, तान्हाच गेला. असंच पोट. डॉक्टर म्हणाला, आपोआप होईल, हात लावू नका. मी हात लावला नाही."