म्हाताऱ्यांची वर्षं किती धरायची

६ मार्च, शुक्रवार
नातीला बढती मिळणार. आमचे हे ज्या कंपनीत मशीनवर उभे राहिले, तिथंच वैदेही वरच्या मजल्यावर हिशेबाला बसते. शेजारच्या जयक्कांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "सरी, बरं अक्का, सकाळीच ऐकलं." असू दे. आणखी एकदा ऐकतील.

१० मार्च, मंगळवार
वै. जेवली नाही. पडवळ तिच्यासाठी केलं होतं, ते तसंच. खोदून विचारलं तेव्हा बोलली. रिटायर लोकांना नि विधवांना कंपनी औषधपाणी देते, त्याची रक्कम आधीच बाजूला ठेवावी लागते. माणसं किती जगतील ते धरून. यंदा धंदा बसलाय. साहेब म्हणतो, वयं कमी धर, ठेवायचं कमी, नफा जास्त दिसेल. कागद वै.नं करायचा, सही तिची.
"किती धरायला सांगतो?"
"शहाऐंशी धरत होतो. आता अठ्ठ्याहत्तर."
मला एक्क्याऐंशी चालू आहे. उठून पडवळ झाकून ठेवलं.

११ मार्च
तिला म्हटलं, माझी वर्षं कमी लिही, मी रागावत नाही. हसली, मग डोळे पुसले. "आज्जी, तुझी एकटीची असती तर..." सही नाही केली तर बढती गेली, नोकरीही जाईल. घर तिच्यावर चालतं. मी उगाच गावभर सांगत सुटले.

१६ मार्च, सोमवार
हयातीचा दाखला द्यायला हेब्बाळला, कंपनीच्या गेटवर. आमच्या के. आर. पुरमहून रिक्षानं, कंबर गेली. कंपनीतल्याच जुन्या पद्मक्का आलेल्या, नव्वदीच्या, मोगरा माळून. टेबलावरचा कारकून म्हणाला, "अजून आहात का आज्जी?" ह्यांचे मशीनवरचे जोडीदार रामण्णा म्हणाले, "तू कॉफी पाजल्याशिवाय जायच्या नाहीत." सगळे हसले. मला हसू येईना. एकेकाला वय विचारत फिरले. अठ्ठ्याहत्तरच्या आतला एकच, तोही आईला सोडायला आलेला.

१७ मार्च
वै.ला सगळ्यांची वयं सांगितली. वेणी घालता घालता थांबली. "शहाऐंशीच ठेवते. उद्या साहेबांना सांगते." सांगायला नको होतं का मी? पण रामण्णांच्या गोळ्या...

१८ मार्च, बुधवार
उद्या पाडवा. वै. सकाळी तोच जुना आकडा घालून कागद घेऊन गेली. दहाला साहेबांनी बोलावलं होतं, झालं की फोन करते म्हणाली. जयक्का विचारायला आल्या, बढतीचं काय. म्हटलं, बसा, कॉफी घ्या. एक वाजला. फोन वाजला तो गॅसवाल्याचा. त्याला म्हटलं, ठेव बाबा, लाइन मोकळी राहू दे.