नामपूरकरांची कोरी पानं

नाना,

परवा एका मासिकाचे संपादक घरी आले होते. कोण लेखक कुठे बसून लिहितो, यावर ते काहीतरी छापणार आहेत. मी त्यांना मेज दाखवलं, खिडकी दाखवली, खिडकीतून दिसणारी गंगा-गोदावरी दाखवली. "ही जागा वडिलांनी दिली," असंही मोठ्या भक्तिभावानं सांगितलं. ते गृहस्थ गहिवरले. ते जिना उतरून गेले आणि मी खुर्चीत मटकन बसलो. लाज वाटली हो. दिली म्हणे! मी हिसकावून घेतली होती ती.

छत्तीस-सदतीस साल असेल. मी शाळेत मास्तर, डोक्यात कादंबरीचं खूळ आणि तोंडी एकच रड, या घरात मला लिहायला जागा नाही. आपलं घर पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायाचं. श्राद्धाला, गंगास्नानाला गावोगावचे यजमान यायचे, ओटीवर गाठोडी टाकायचे, मोठमोठ्यानं बोलायचे. ते काय माझ्या कादंबरीसाठी तोंडाला कुलूप लावून बसणार होते? एकदा तर मी भरल्या ताटावरून उठलो. आई चिडून म्हणाली, "मग आम्ही काय गंगेत जाऊन राहू का रे?" दुसऱ्या दिवशी माडीवरची तुमची बैठक तुम्ही स्वतः उचललीत. त्या खिडकीशी तीस वर्षं तुम्ही यजमानांच्या नामावळ्या सांभाळत बसला होतात. "तुला उजेड हवा," एवढंच म्हणालात आणि वह्यांची बासनं काखोटीला मारून जिन्याखालच्या अंधारात गेलात. "राहू द्या, नाना," असं म्हणायला हवं होतं मी. मी काय विचारलं, आठवतं? भिंतींना चुना कधी काढायचा!

थाट मात्र जोरात केला. जुन्या दाराची फळी तासून मेज केलं, तांब्याच्या गडूत सोनचाफा ठेवला, नवी दौत, नवा टाक, टीपकागद. रोज शाळेतून आलो की हातपाय धुऊन त्या मेजाशी बसायचो. आणि ओळ सुचेल तर शपथ! महिना गेला. खाली तुम्ही डोळ्यांशी वही नेऊन वाचताय, हे येता-जाता दिसत होतं. मी म्हणायचो, कागदच वाईट आहे, निब अडकते. आणि मग एक दिवस फडताळ उघडलं. जिन्याखाली न मावलेली दोन बासनं तिथेच राहिली होती.

त्यातली एक वही मी उघडली. प्रत्येक घराचा लेख, त्या घरातल्या माणसांनी आपल्या हातानं लिहिलेला, आणि त्यामागे पुढच्या पिढ्यांसाठी मोकळी सोडलेली पानं. नामपूरच्या एका घराच्या लेखाला चाळीस-एक वर्षांत कुणी हात लावला नव्हता. मागे चौदा पानं कोरी. जाड, घोटलेला जुन्नरी कागद. बोट फिरवलं आणि जीव वेडावला माझा. पाती घेतली आणि शिवणीलगत सगळी पानं कापून काढली. बासन बांधून होतं तिथे ठेवलं. त्याच संध्याकाळी कादंबरीचं पहिलं प्रकरण झरझर उतरलं.

पुढच्या वर्षी माघात नामपूरच्या त्याच घरातला माणूस आला. मी माडीवर आहे, खालचं सगळं ऐकू येतंय. पन्नाशीचा असावा, आवाज खणखणीत, बोली अहिराणी. "महाराज, मना बापनं नाव आठे शे. माले नातू झाया. त्यानं नाव लिखी ल्या." तुम्ही वर आलात, फडताळातलं बासन घेतलंत, माझ्याकडे बघून हसलात आणि खाली गेलात. मी टाक हातात धरून बसलोय. खाली पानं उलटल्याचा आवाज येतो आणि थांबतो. मग तोच विचारतो, "मंग मना नातूले जागा कोठे शे?"

तुम्ही म्हणालात, "वाळवी लागली होती. पानं मीच काढली. माझी चूक झाली." कधी खोटं न बोललेला माणूस, नाना! बापाच्या सहीखाली बोटभर जागा होती, तिथे तुम्ही त्या लेकराचं नाव बारीक अक्षरात घातलंत. तो पाया पडून गेला. पुन्हा कधी आपल्याकडे उतरला नाही. तीन पिढ्यांचं घर तुटलं. आणि गावातले दुसरे उपाध्ये तुम्हाला ऐकवायचे, यांच्याकडे वह्यांना वाळवी लागते म्हणे.

तो गेल्यावर तुम्ही वही घेऊन वर आलात. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसायला हवी होती. तुम्ही विचारलंत, "का कापलीस?"

"मला वाटलं, ते घर निर्वंश झालं."

तुम्ही लेखाच्या शेवटच्या मोडी ओळीवर बोट ठेवलंत. "हे वाचलं नाहीस?"

"मोडी मला धड कुठे लागते, नाना?"

तुम्ही वही मिटलीत. मग म्हणालात, "खरं आहे. मीच शिकवायला कमी पडलो." आणि भिंतीला धरून जिना उतरलात. त्यानंतर तुम्ही कधी वर आला नाहीत. दोन वर्षांनी गेलात. कादंबरी छापून आली, लोकांनी कौतुक केलं, हार घातले. आईनं विचारलं, वडिलांना अर्पण का नाही केलीस? मी म्हटलं, राहून गेलं.

हे पत्र कुठल्या टपालात टाकणार? मेजाच्या खणात राहील, माझ्यामागे कुणाला मिळायचं तर मिळो. पण एवढं लिहिल्याशिवाय उठवत नाही. ती ओळ अशी होती: "मुलगा लहान आहे, मोठा जालियावर येईल, त्याजकरितां पानें राखावीं." मोडी मला चांगली येत होती, नाना. दोनदा वाचली होती मी ती, आणि मग पाती उचलली.