पारावर पडलेली शाल

कोल्हापूर,
१९ मार्च १९५७

प्रिय कालिंदी,

हे पत्र मी तीन आठवडे टाळतोय. आधी शाई नव्हती. शाई मिळाली तर टाक मोडका निघाला. टाक आणायला म्हणून बाहेर पडलो, तो तालमीत जोर-बैठका बघत बसलो आणि टाक राहिलाच. नऊ वर्षं ज्यानं काही कळवलं नाही त्याला तीन आठवड्यांचं काय एवढं, असं म्हणशील. पण ती नऊ वर्षं सोपी गेली. तू मेलीस असं धरून चाललो होतो. हे तीन आठवडे जड गेले, कारण तू जिवंत आहेस हे कळलं.

मी आता हंबीररावांच्या नाटक कंपनीत आहे. म्हणजे परवापर्यंत होतो. मधल्या काळात ट्रकवर क्लीनर झालो, गुळाच्या अडतीवर हमाली केली, निपाणीत तंबाखू भरली. कुठंच टिकलो नाही. कंपनीत मात्र तीन वर्षं राहिलो. काम काय, तर भिंतीचं. हसू नकोस. विटा रंगवलेलं किंतान दोन बांबूंना ताणलेलं, मध्ये एक भोक, आणि दोन अंक ते मागून धरून उभं राहायचं. भोकाच्या अल्याड नायक, पल्याड नायिका. त्यांचं प्रेम माझ्या नाकासमोरून जायचं.

गोष्ट ओळखलीस ना? तुझ्या वडिलांचीच. दत्तोपंत मास्तर ओसरीवर आमची शिकवणी घ्यायचे तेव्हा सांगितलेली, बाबिलोनच्या पिरॅमस आणि थिस्बीची. शेजारशेजारची घरं, मध्ये भिंत, भिंतीला फट. एका संध्याकाळी तुतीच्या झाडाखाली भेटून पळून जायचं ठरतं. ती आधी येते, रक्ताळल्या तोंडाची सिंहीण बघून पळते, पदर तिथंच पडतो, सिंहीण तो फाडते. मागून तो येतो, रक्ताचा पदर बघतो आणि स्वतःला संपवतो. मग ती येते आणि त्याच तलवारीनं तीही. तेव्हापासून म्हणे पांढऱ्या तुती लाल झाल्या. मास्तर सांगायचे, विलायतेच्या मोठ्या नाटककारानं या एवढ्याशा गोष्टीवर दोनदा हात मारला, एकदा लोकांना रडवायला, एकदा हसवायला. हसवायच्या नाटकात तर एक गडी अंगाला चुना फासून भिंत होतो. आम्ही खिदळलो होतो. तू आतल्या दारातून विचारलंस, त्यानं हाक का नाही मारली? मास्तर म्हणाले, हाक मारली असती तर नाटक झालं नसतं.

ही गोष्ट मीच हंबीररावांना सांगितली. त्यांनी सिंहीण काढून गगनबावड्याचा वाघ घातला. शेवटी अंबाबाई प्रकट होऊन दोघांना उठवते, कारण लोक तिकीट काढून मढी बघायला येत न्हाईत, हे त्यांचं ठाम मत. मी एकच हट्ट धरला, जाहिरातीवर मूळ गोष्ट दत्तोपंत मास्तरांची असं छापायचं. आणि फाटका पदर म्हणून दाखवायला एक जुनी शाल हवी होती. ती माझ्याकडं होती. दिली.

तुझी शाल, कालिंदी. तुझ्या आईची, तपकिरी, कोपऱ्यात लाल दोऱ्यानं रफू केलेली.

गांधीजींना मारल्याची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपलं ठरलं होतं. बकुळीच्या पारावर भेटायचं, तिथून गगनबावडा, पुढं कोकण. दुपारपासून गावात बामणांची घरं पेटत होती. माझा काका त्या जमावात होता, हे खरं. मी नव्हतो. मी पारावर आलो होतो. तू नव्हतीस. शाल पडली होती, तुडवलेली, एक टोक जळलेलं, आणि तुमच्या बोळातून धूर वर येत होता. मी शाल सदऱ्यात कोंबली आणि कागलच्या रस्त्याला लागलो.

गेल्या महिन्यात कंपनी इथं आली, तेव्हा बाजारात नजीराभाभी भेटली. पारासमोरचं घर तिचं, हे तुला मी काय सांगणार. मला बघून म्हणाली, या पावणं, लई दिसांनी वाट चुकली. मी तुझं नाव काढून रडायला लागलो, तर ती चकित झाली.

"जित्ती हाय की. पुण्यात शाळंत शिकवती. मेली म्हणून कोण म्हणलं तुला?"

कुणीच म्हटलं नव्हतं.

मग तिनं सगळं सांगितलं. तू आधी आली होतीस, जमाव बघून तिच्या घरात शिरलीस, शाल पडली ती पडलीच. मास्तरांनाही तिच्या नवऱ्यानं, अमीनभाईनं, मागच्या दारानं आणलं. दोन दिवस तुम्ही ज्वारीच्या कणगीमागं बसून होता आणि मी आलोय का म्हणून भाभी दोन्ही संध्याकाळी पार बघून आली. तिसऱ्या दिवशी तुला तिचा बुरखा घालून मिरजेला पोचवलं. जाताना तू एवढंच म्हणालीस, की तो काकाबरोबर असणार.

परवा आमच्या नायकाचा घसा बसला. सगळी भाषणं मला पाठ, म्हणून मला उभं केलं. शाल उचलली. आता छातीवर हात मारून कट्यार काढायची. माझ्याच्यानं निघेना. मी विंगेकडं बघितलं, मग लोकांकडं, आणि ओरडलो, "कालिंदी कुठं हाय? कुणी बघितली का तिला?" नायिकेचं नाव तिलोत्तमा. मग मागून कुणीतरी म्हणालं, अरं मर की आता, शेवटची गाडी चुकंल आमची. हशा झाला, पडदा पडला, आणि हंबीररावांनी मला हाकललं. येताना शाल तेवढी घेतली.

माफीसाठी लिहीत नाही. तू मला जमावात धरलंस, ते मी नव्हतो, एवढं कळवायला बसलो होतो. पण तेवढंच लिहिलं तर पुन्हा खोटं होईल. भाभीचं दार पारापासून वीस पावलांवर होतं. मी हाक मारली नाही, कारण शाल बघून मला आधी रडू आलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. तुझ्या जातीची मुलगी घेऊन कोकणात कुठं जाणार, काय खाणार, काका मुंडी मुरगाळेल, ही भीती आठ दिवस पोटात होती. ती त्या शालीनं एका झटक्यात मिटवली. वाघानं काही केलं नाही, कालिंदी. राग धरायचाच तर या गोष्टीचा धर. पत्र त्याच्यासाठी आहे.

तुझाच म्हणवत नाही, तरी दुसरा कुणाचा झालो नाही,
आकाराम

ता. क. पाकिटाला खळ लावत होतो, तर दारात तुझे वडील. कोल्हापुरात पुन्हा पाऊल टाकणार नाही म्हणाले होते, असं भाभीनं सांगितलं होतं. तिनंच जाहिरातीचा कागद पुण्याला धाडला म्हणे. परवाचा खेळ त्यांनी मागच्या बाकावरून बघितला. मी बसा म्हटलं, बसले नाहीत. मी मारलेल्या हाकेबद्दल एक अक्षर नाही. फक्त म्हणाले, "ती शाल माझ्या बायकोची आहे. न्यायला आलोय." घडी घालून देतोय. पत्र तिच्या आत ठेवतोय, हे त्यांना सांगितलं. ते हात पुढं करून उभे आहेत.