आईच्या अंगावरचं पांघरूण

प्रिय स्तामातिस,

तीन वर्षं झाली, म्हणून आपल्या रिवाजाप्रमाणे अस्थी बाहेर काढायला शनिवारी आईची कबर उघडली. त्या वाइननं धुवायच्या, म्हणून मी अथेन्सहून बाटली घेऊन बेटावर आले होते. ती उघडावीच लागली नाही. आई जवळजवळ तशीच होती.

"कोणाला तरी माफ न करता गेली," कालियो मावशी म्हणाली. "म्हणून माती पोटात घेत नाही."

"कोणाला, हे का विचारायला हवं?" शेजारीण म्हणाली. "भांडून मेलबर्न गाठलं, आईच्या मातीलाही फिरकला नाही. दिवटा कुठला."

जमलेल्या सगळ्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या. मी मान खाली घातली.

आईला थंडी सोसत नसे, म्हणून शवपेटीत मीच तिला नायलॉनच्या जाड ब्लँकेटमध्ये गुंडाळलं होतं. कबर खणणारा माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "बाई, असल्या कापडात माणूस विरघळत नाही." ते दुसऱ्या कुणी ऐकलं नाही. कबर पुन्हा बुजवली.

संध्याकाळी फोनवर मावशीचं म्हणणं कळल्यावर तू विचारलंस, "ताई, माझ्यामुळेच ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. मी म्हणाले, "येऊन तिची क्षमा माग."

अकरा वर्षांत पहिल्यांदाच तू तिकीट काढतो म्हणालास.

मी हे बायकांच्या भीतीनं केलं की तू यावास या लोभानं, हे तेव्हापासून तपासतेय. दोन्ही सापडतं. हे पत्र टाकलं तर तू सुटशील, आणि येणार नाहीस. म्हणून टाकत नाही. तू कबरीपाशी गुडघे टेकशील तेव्हा मी मागेच उभी असेन. तेव्हा बोलेन, असं आज तरी वाटतं.

तुझी बहीण,
अर्गिरो