मोकळ्या सरीतला उजेड

प्रिय सुजाता,

काल दुपारी दुकानात असताना तुझ्या लॅबमधल्या वैशालीचा फोन आला. तू करून ठेवलेल्या शेवटच्या चिपमध्ये लेझर सुरू झाला. ज्या बातमीची तू दवाखान्यातसुद्धा वाट बघत होतीस, ती तू गेल्यावर वर्षाने आली. आता ती तुला कुठे कळवू? म्हणून हे लिहितोय.

रविवारी तुझं पहिलं पुण्यस्मरण आहे. गेल्या वर्षी तुझ्या जलदानाच्या कार्यक्रमात बुद्धवंदना झाल्यावर माणसं दोन शब्द बोलायला उठली होती. मामा म्हणाले, "आमची सुजाता उपग्रह सोडायची." कुणी म्हणालं, दुर्बिणी बनवायची. तू ऐकलं असतंस तर हसून लोळली असतीस. मी गप्प बसलो होतो. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, तुला माहीत आहे. सगळे गेल्यावर आईने विचारलं, "मंग माझी लेक करायची तरी काय?"

ते तू मला एकदाच नीट सांगितलं होतंस, आपल्या उसाच्या बांधावर. त्या वर्षी लागवडीत आबांच्या हातून फडाच्या मधोमध एक सरी लावायची राहून गेली होती. ऊस वाढला तशी ती सरी बोळासारखी दिसायला लागली आणि येणारा-जाणारा आबांना चिडवायचा. तू म्हणालीस, "हसू नको भाऊ. मी लॅबमध्ये मुद्दाम हेच करते. केसापेक्षा कितीतरी पातळ पापुद्रा घ्यायचा, त्यात ओळीने छिद्रं पाडायची आणि मधली एक ओळ तशीच सोडायची. छिद्रांच्या दाटीत उजेड शिरत नाही. तो त्या मोकळ्या ओळीतूनच चालतो."

"आणि पुढं?"

"पुढं त्याला हळू करायचं."

उजेडाला हळू कशाला करायचं, हे मला पटेना. तेव्हा तू घनसावंगीला माणसं नेणाऱ्या जीपचं उदाहरण काढलंस. "सुसाट सुटलेली जीप रिकामी जाती का न्हाई? रमतगमत जाणारी फाट्याफाट्यावर माणसं घेत भरती. तसा हळू चालणारा उजेड वाटेत आणखी उजेड गोळा करतो. पुरेसा जमला की सगळा एका पावलाने चालायला लागतो. तो लेझर. इवल्याशा जागेत."

"आणि लईच हळू गेली तर?"

"तर रस्त्यातला एकेक खड्डा लागतो."

एखादं छिद्र किंचित वाकडं पडलं तरी फार हळू झालेला उजेड तिथे अडखळून माघारी फिरतो, म्हणालीस. तुझ्या आधीच्या दोन्ही चिप अशाच वाया गेल्या होत्या. किती हळू केला म्हणजे भरेलही आणि अडखळणारही नाही, एवढंच तू शोधत होतीस.

एक विचारू? शेवटच्या सुट्टीत तू गोळ्या पाकिटातून काढून साध्या डबीत आणल्या होत्यास. मेडिकलवाल्या भावाला नावं कळतील म्हणूनच ना? "ॲसिडिटीच्या आहेत," म्हणालीस. बहिणीची डबी कोण उघडून बघतं? सांगितलं असतंस तर मी काम थांबव म्हणालो असतो, हे खरं. पण तुझ्याजवळ येऊन बसलो तरी असतो.

काल संध्याकाळी आईला बातमी सांगितली. ती तूर निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "लागला व्हय? कसा दिसतो?"

मी म्हणालो, "आई, तो डोळ्याला दिसत नाही. यंत्राच्या पडद्यावर एक रेघ उभी राहते, त्यावरून कळतं."

"हाय ना पण?"

"हाय."

"बस मंग," म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून परत तूर निवडायला लागली.

आबा दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "औंदा लागवडीला मधली एक सरी मोकळी सोडतो."

मी म्हणालो, "लोक पुन्हा हसतील."

"हसू दे. हसता हसता इचारतील तरी. तू सांग त्यांना."

तर सुजाता, रविवारी वंदना झाली की मी उठणार आहे. मामांना वाईट वाटेल, पण उपग्रह आता पुरे. मी ती सरी सांगेन, जीप सांगेन, आणि आईला न दिसलेला तुझा उजेड सांगेन. आवाज अडला तर थांबेन, पण खाली बसणार नाही. हळू गेलं तरी चालतं, हे तूच सांगितलं आहेस.

तुझा भाऊ,
मिलिंद