रिकामी झोपडी

१२ एप्रिल १९७८, चामराजपुरम, म्हैसूर

फार दिवस काही लिहिले नाही. माझी मलाच क्षमा.

आज जंगलात जेनु कुरुबा आदिवासींच्या हाडीवर, त्यांच्या पाड्यावर, तपासणीला गेले. जंगलखाते वस्ती उठवतेय; आता चारच झोपड्या उरल्यात. मादीला आठवा महिना, नवरा कुर्गला कॉफीच्या मळ्यावर. तिच्या सुजलेल्या पायावर अंगठा दाबला, तर खळगा तसाच राहिला. रक्तदाबही फार वाढलेला. म्हटले, आजच म्हैसूरला इस्पितळात चल, नाहीतर झटके येतील.

"आणि झोपडी, डाक्टरम्मा? केंची बाळंतपणाला गेली, तर गार्डांनी हत्ती लावून तिची पाडली. रिकामी होती म्हणे."

"मी सांगेन गार्डांना."

शेजारची म्हातारी हसली. "सांगा. हत्तीलाही सांगा."

जीप निघाली तेव्हा मादी दारातच बसलेली. मी जोर का केला नाही? पण ओढून आणले असते, तर तिचे घर मीच मोडले असते ना? बाकीचे आपापली झोपडी धरून बसलेत, तिची कोण राखणार? जेवताना भातात बोट रुतले आणि तो खळगाच दिसला. आजची रात्र निभावली तर...

उद्या: पहाटेच्या जीपमध्ये माझी वळकटी टाकणे. ती इस्पितळात, मी तिच्या झोपडीत.