म्हशीसाठी रजा

बाबा, म्हैस गेली. मंगळवारी दुपारी चार वाजता. हे ज्याला कळेल असं तुमच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि तुम्हाला जाऊनही आता नऊ वर्षं झाली. गोदामात शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मुलीला सांगितलं, तर ती म्हणाली, "दीदी, गेमच होता ना? दुसरा डाल लो." मी मान हलवली आणि पुढचा खोका स्कॅन केला.

पहिल्यांदा तुम्ही तिला पाहिलंत तो दिवस मला लख्ख आठवतो. शुक्रवार आहे, आठवड्याची सुट्टी, लूम बंद, म्हणून तुम्ही घरी. कोन गावातल्या आपल्या खोलीत मी कॉम्प्युटरसमोर बसलेय आणि तुम्ही मागे येऊन उभे राहिलाय. आईला जाऊन वर्षही झालेलं नाही. भाकऱ्या थापायच्या राहिल्यात, पीठ परातीत तसंच. "बारावी झालेली पोरगी तू, आन दिवसभर आभालात? खाली कोन बघनार?" तुम्ही ओरडलात. मी उठले नाही. पडद्यावर माझं जहाज एका निळ्या ग्रहाला वळसा घालत होतं. त्या गेममध्ये जगभरचे लोक आपापली जहाजं घेऊन ताऱ्यांमधून फिरायचे. इतरांची जहाजं चपळ, टोकदार, लढाईची. माझं मालवाहू. चौकोनी तोंडाचं, मागून रुंद, वळायला लागलं की वळतच राहायचं. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात आणि मग रागातच म्हणालात, "ही तर म्हैस हाय!" जहाजाच्या कुशीवर नाव लिहायची सोय होती. मी तिथल्या तिथे लिहिलं, म्हैस. तुम्ही हसलात. आई गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं असेल. मग भाकऱ्या तुम्हीच थापल्यात, जाड, कडेला कच्च्या.

तेव्हापासून शुक्रवार आपला झाला. तुम्ही लूमवर जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करणारे. तीस वर्षं त्या खडखडाटात काढून तुमचे कान गेले होते, घरात मी ओरडूनच बोलायचे. जहाजाचा आवाज तुम्हाला ऐकू यायचा नाही, म्हणून तुम्ही स्पीकरवर तळहात ठेवून बसायचात, डोळे मिटून, कारखान्यात मागाच्या लाकडावर ठेवायचात तसा. एकदा तसेच बसलेले असताना म्हणालात, "थांबव तिला. डाव्या अंगाचं बेअरिंग वाजतंय." मी म्हटलं, बाबा, तिला बेअरिंग नसतं. तुम्ही हात काढला नाहीत. "वाजतंय म्हन्तो ना." मी तपासलं. डावं इंजिन खरंच खराब होत आलेलं, आवाजात तेवढा बारीक फरक गेमवाल्यांनी ठेवलेला आणि मला दोन दिवस कळला नव्हता. जवळच्या स्थानकावर उतरवून दुरुस्त केलं. तुम्ही पुन्हा हात ठेवलात आणि समाधानानं म्हणालात, "आता बराय." पुढच्या शुक्रवारी तुम्ही माझ्यासाठी लोखंडी पट्टीचा एक क्लॅम्प करून आणलात, जॉयस्टिक टेबलावरून सरकायची म्हणून. आयुष्यात तुम्ही मला दिलेली ती एकच वस्तू, जी मी मागितली नव्हती.

मी मोठी जहाजं घेऊ शकले असते, बाबा. तुम्ही गेल्यावर तर वेळच वेळ होता. मानकोलीच्या गोदामातून यायचं, जेवायचं, बसायचं. पण तिच्यातून उतरून दुसऱ्या जहाजात बसायला हात धजायचा नाही. स्थानकात शिरताना ती जरा उजवीकडे ओढायची, हे माझ्या मनगटाला माहीत होतं. माझं लग्न झालं नाही, मैत्रिणी एकेक करून कल्याणला, पुण्याला गेल्या. मी रोज तिच्यात बसून कुठला तरी माल कुठल्या तरी ताऱ्यावर पोचवत राहिले. याला जगणं म्हणतात का, मला माहीत नाही. दुसरं काही जमलं नाही.

मग गेल्या महिन्यात सूचना आली. खेळणारे कमी झाले, गेम कायमचा बंद होणार, मंगळवारी चार वाजता. जहाजं कुणालाही ठेवता येणार नाहीत. मला वाटलं, निदान तिला नीट उतरवावं. तुम्ही पाहिलेल्या त्या निळ्या ग्रहाजवळच्या स्थानकात न्यावं, इंजिन बंद करावं, दिवे घालवावेत. आम्ही फार लांब होतो. ती हळू. सकाळी सातला निघाले. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जायची शेवटची उडी मारली तेव्हा चारला पाच मिनिटं कमी होती. स्थानक समोर दिसायला लागलं, त्याच्या दाराचे हिरवे दिवेही दिसले. ती उजवीकडे ओढायला लागली, मी सावरलं, आणि पडदा काळा झाला. मधोमध एक ओळ, संपर्क तुटला. ती कुठेच पोचली नाही, बाबा. आणि आता ती वाटेतही नाही. मी संध्याकाळपर्यंत खुर्चीत तशीच बसून होते. त्यानंतर कॉम्प्युटर चालू केलेला नाही. घरी येते आणि भिंतीकडे बघते.

हे मी मालाच्या पावत्यांच्या पाठीमागे लिहितेय, जेवणाच्या सुट्टीत. घडी घालून बॅगेत ठेवीन, कुठे धाडायचं नाही. पण एक सांगायचं राहिलं. मंगळवारची रजा मी तुमच्या नावानं घेतली. सुपरवायझर नवा आहे, त्याला काही माहीत नाही. सोमवारी दुपारी कामावरच म्हटलं, "सर, वडील सिरीयस आहेत, उद्याची रजा हवी." तो लगेच म्हणाला, "अरे, मग उभी कशाला आहेस? निघ तू. इथलं मी बघतो." इतकं सोपं होतं ते. तुम्ही दवाखान्यात होतात त्या शेवटच्या सकाळी माझा हात धरून म्हणालात, "आज ऱ्हा ना." तुम्ही कधीच काही मागायचा नाहीत. मी तुमच्या कानाशी ओरडून सांगितलं की रजा मिळत नाही, आणि ड्युटीवर गेले. दुपारी लॉकरमधला फोन काढला तेव्हा कळलं. रजा मी मागितलीच नव्हती, बाबा. तुमचा तो श्वास ऐकत मला तिथे बसवत नव्हतं.